उत्तराच्या पुढे

आपल्याकडे गणितात उत्तर आलं की त्याखाली दोन रेघा मारायची पद्धत आहे. फळ्यावर मास्तर मारतात, वहीत पोरं मारतात. दोन रेघा म्हणजे संपलं, पुढचं गणित घ्या. मीही आयुष्यभर तसंच शिकवलं, कारण पेपर तपासणाऱ्याला त्या रेघा हव्या असतात. पण आता सत्तरी ओलांडल्यावर, कोणाचा पेपर तपासायचा नाही आणि कोणाला द्यायचाही नाही अशा निवांत वयात, माझं एक मत पक्कं होत चाललं आहे. गणितातली सगळ्यात मजेची आणि सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट त्या दोन रेघांच्या खाली सुरू होते.

म्हणजे काय? जे उत्तर आलं, त्याच्यावर तीच क्रिया पुन्हा करायची. त्याचं जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा. आणि पुन्हा. इंग्रजीत याला इटरेशन म्हणतात, मी आपला 'आवर्तन' हा गाण्यातला शब्द वापरतो. गाण्यातलं आवर्तन फिरून समेवर येतं. गणितातलं येतंच असं नाही, आणि तिथंच खरी गंमत आहे.

आधी माझी पायरी सांगून ठेवतो. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. शाळेत गणिताला कोणी मिळेना तेव्हा पाचवी ते सातवीचं गणित माझ्याकडे आलं आणि निवृत्तीपर्यंत राहिलं. पुढचं जे काही लिहिणार आहे त्यातलं अवघड गणित मला गणितात एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या पुतणीच्या मुलीनं दिवाळीच्या सुट्टीत कोडोलीला आली असताना समजावलं. तेव्हा सिद्धता माझ्याकडे मागू नका. पण आकडे मात्र मी स्वतः करून पाहिले आहेत, आणि तुम्हालाही करता येतील एवढेच दिले आहेत.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२९ साली मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. ना एम.एस्सी., ना पीएच.डी. फावल्या वेळात आकड्यांशी खेळत बसायचं, एवढाच उद्योग. भारतातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी बऱ्याच जणांनी हे पोरखेळ म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि मग त्यांचं नाव जगभर झालं. १९८६ साली ते वारले.

त्यांची सर्वात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि पहिल्यातून दुसरी वजा करा. उत्तर आलं? रेघा मारू नका. तेच उत्तर घेऊन पुन्हा तेच करा. उदाहरणाला कापरेकरांचंच जन्मसाल घेऊ.

१९०५ चे अंक उतरत्या क्रमानं ९५१०, चढत्या क्रमानं ०१५९. वजाबाकी ९३५१.
९५३१ वजा १३५९ = ८१७२.
८७२१ वजा १२७८ = ७४४३.
७४४३ वजा ३४४७ = ३९९६.
९९६३ वजा ३६९९ = ६२६४.
६६४२ वजा २४६६ = ४१७६.
७६४१ वजा १४६७ = ६१७४.

आणि आता ६१७४ चं करा. पुन्हा ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. गाडी थांबली. कुठल्याही चार अंकांपासून निघा, जास्तीत जास्त सात पावलांत इथं येता. गंमत म्हणजे कापरेकरांच्या जन्मसालाला पूर्ण सात पावलं लागतात. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

आता माझी तक्रार. दर वर्षी जानेवारीत ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. 'मराठी गणितज्ञाची जादू', 'जगाला वेड लावणारी संख्या', खाली हात जोडलेले आणि झेंडे. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी एक तरी वजाबाकी करून बघितली असेल? मी आमच्या गल्लीतल्या चौघांना विचारलं. एकानंही नाही. जादू म्हटलं की विषय संपतो. जादूगाराला कोणी 'का?' विचारत नाही, टाळ्या वाजवतात. कापरेकरांचा अभिमान जरूर बाळगा, पण आधी वजाबाकी करा, असं मला म्हणायचं आहे.

आणि 'का' विचारलं तर थोडं उत्तर सातवीच्या पोरालाही मिळतं. उतरत्या क्रमानं मांडलेल्या चार अंकांत पहिला आणि चौथा यांचा फरक बघा, आणि मधल्या दोघांचा फरक बघा. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, बेरीज करा. झाली तुमची वजाबाकी. ७६४१ मध्ये बाहेरचा फरक ६, आतला फरक २. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, त्यात १८० मिळवले की ६१७४. म्हणजे मूळ चार अंक कोणते याला महत्त्वच नाही, फक्त दोन फरकांना आहे. बाहेरचा फरक १ ते ९, आतला त्याच्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर सगळ्या मिळून ५४ भरतात. जवळपास दहा हजार संख्या, आणि पहिल्याच वजाबाकीनंतर उरतात फक्त ५४! एवढी ५४ उदाहरणं एका वर्गानं एका तासात वाटून घेऊन संपवता येतील. जादू गेली, पण मला तरी त्यानंतर ती गोष्ट जास्त सुंदर दिसायला लागली.

इथं एक मोह होतो. आमच्या पिढीला तर फारच होतो. 'बघा, कुठूनही निघा, शेवटी सगळे एकाच ठिकाणी पोचतात' असं म्हणून लगेच प्रवचनाला सुरुवात. थांबा. तीन अंकांचं करून बघा, ४९५ ला येऊन थांबतं, इथपर्यंत ठीक. दोन अंकांचं करा. ६३, मग २७, मग ४५, मग ०९, मग ८१, आणि परत ६३. कुठेच थांबत नाही, पाच जणांची फुगडी चालूच. पाच अंकांचं करा. तिथं तर एकही थांबा नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५, हे त्यातलं सगळ्यात छोटं. सहा अंकांना ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन थांबे आहेत आणि वर एक चक्रही आहे. म्हणजे 'सगळे एकाच ठिकाणी पोचतात' हे चार अंकांचं सत्य आहे, जगाचं नव्हे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांत सारखी आहे. कितीही फिरलं तरी शेवटी फेऱ्यात सापडावंच लागतं. कारण सोपं आहे. मोजक्या खोल्यांचा वाडा आहे, आणि प्रत्येक खोलीतून पुढे जायला एकच दार आहे. चालत राहिलात तर कधी ना कधी आधी पाहिलेल्या खोलीत येणारच, आणि एकदा आलात की पुढचा रस्ता तोच.

मग पुतणीच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, आणि वाड्याला खोल्या मोजक्या नसतील तर?"

तिथून पुढचं गणित मला नवीन होतं.

साधी क्रिया घेऊ, वर्ग करणे. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, सुटलंच. अर्ध्याचा वर्ग पाव, त्याचा एक सोळांश, शून्याकडे घरंगळत चाललं. बरोबर १ असेल तर जागेवर. म्हणजे १ ही सीमा. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला मोकळं रान.

आता संमिश्र संख्या. नाव ऐकून पळू नका. आपल्या रोजच्या संख्या एका रेघेवर बसतात. संमिश्र संख्या म्हणजे पाटीवरचा कुठलाही बिंदू. त्याचा वर्ग करायचा म्हणजे दोन गोष्टी करायच्या. मध्यापासून त्याचं जे अंतर असेल त्याचा वर्ग करायचा, आणि त्याचा जो कोन असेल तो दुप्पट करायचा. एवढंच. आता मध्यापासून १ अंतरावर वर्तुळ काढा. आतले बिंदू शून्याच्या विहिरीत जातात, बाहेरचे रानात पळतात. आणि बरोबर वर्तुळावरचे? ते वर्तुळावरच राहतात, पण काय नाचतात! दोन बिंदू एकमेकांपासून एक अंशावर उभे करा. एका पावलानं दोन अंश, मग चार, आठ, सोळा.. सातव्या पावलाला १२८ अंश, म्हणजे एक पूर्वेला आणि दुसरा जवळजवळ पश्चिमेला. शेजारी जन्मले आणि सात पावलांत तोंडंही दिसेनात.

वर्ग करून झाल्यावर प्रत्येक वेळी एक ठरलेली संख्या मिळवायची, एवढा एकच बदल केला की ते गुळगुळीत वर्तुळ वेडंवाकडं होतं. किनाऱ्यासारखं होतं, कधी झाडाच्या फांद्यांसारखं, कधी फुटून धुळीसारखं. हे कॉम्प्युटर नसताना, नुसत्या विचारानं ओळखलं दोन फ्रेंच माणसांनी, १९१७ ते १९२० च्या सुमारास. एक पिएर फातू, हे पॅरिसच्या वेधशाळेत काम करत. दुसरे गास्ताँ जुलिया. पहिल्या महायुद्धात १९१५ साली गोळी लागून त्यांचं नाक गेलं, पुढे आयुष्यभर ते तोंडावर चामडी पट्टी बांधून वावरले. १९१८ साली या कामासाठी त्यांना फ्रेंच अकादमीचं मोठं पारितोषिक मिळालं. आज त्या वेड्यावाकड्या सीमेला जुलियाचं आणि दोन्ही बाजूंच्या शांत प्रदेशाला फातूचं नाव आहे. या आकृत्या लोकांनी डोळ्यांनी बघितल्या त्या १९८० च्या सुमारास, आयबीएम कंपनीतल्या बेन्वा मँडेलब्रॉट यांनी कॉम्प्युटरवर काढायला लागल्यावर. म्हणजे साठ वर्षं एक चित्र फक्त विचारात होतं!

आता एक असा प्रकार सांगतो की ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. याला पाटी लागत नाही, साधी रेघेवरची संख्या चालते. कॅल्क्युलेटर घ्या. शून्यापासून निघा. वर्ग करा, ०.२५ मिळवा. उत्तराचा वर्ग करा, ०.२५ मिळवा. असं चालू ठेवा. ०.२५, ०.३१२५, ०.३४७.. हळूहळू वाढत अर्ध्याकडे सरकतं आणि कितीही वेळ केलं तरी अर्धा ओलांडत नाही. ठीक.

आता ०.२५ च्या जागी ०.२६ घ्या. ०.२६, ०.३२७६, ०.३६७.. तसंच सरकतं. बाराव्या पावलाला चोरासारखं हळूच अर्धा ओलांडतं. मग आणखी दहा-बारा पावलं रेंगाळतं. आणि मग एकदम १.०१, १.२९, १.९३, ४.. सुटलं! २ च्या पलीकडे जायला बरोबर ३० पावलं लागली. हे मी वहीत मांडलेलं आहे.

फरक आणखी कमी करा. ०.२५०१ घ्या. शंभराव्या पावलाला ०.२५ वाला आणि हा, दोघेही ०.४९ च्या आसपास. बघणारा छातीठोकपणे सांगेल की दोघेही अर्ध्यावर थांबणार. पण हा थांबत नाही. दीडशेच्या पुढेमागे अर्धा ओलांडतो, आणि ३१२ व्या पावलाला २ च्या पलीकडे. ०.२५०००१ घेतलं तर ३१४० पावलं.

३०, ३१२, ३१४०. काही ओळखीचं वाटतं? ३.१४ म्हणजे पाय! वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. इथं ना वर्तुळ, ना कोन, नुसता वर्ग आणि बेरीज, आणि पावलं मोजता मोजता पाय उगवला. फरक जितका कमी कराल तितके पायचे पुढचे अंक मिळत जातात. १९९१ साली अमेरिकेतल्या डेव्हिड बोल नावाच्या विद्यार्थ्याला हे सहज सापडलं, तो खरं तर मँडेलब्रॉटच्या आकृतीची मान किती बारीक आहे ते तपासत होता. असं का होतं याची सिद्धता ॲरन क्लेबनॉफ यांनी २००१ साली दिली.

आमच्या भागात ऊस आणि गुऱ्हाळं, त्यामुळे मला हे वाचून काहिलीची आठवण झाली. रस उकळत असतो, उकळतच असतो. नवख्याला वाटतं काही होतच नाही. गुळव्या मात्र डोळ्यात तेल घालून बसलेला, कारण त्याला माहीत असतं की आता वेळ आली की क्षणात येते, आणि काहील उतरवायला उशीर झाला तर गूळ गेला. ०.२५०१ चं तसंच आहे. तीनशे पावलं 'काही होत नाही' आणि मग एकदम.

आणखी एकच, मग माझ्या मुद्द्याकडे येतो. फातूंनी एक प्रश्न विचारला होता. एकेकटा बिंदू सीमेवर भटकत राहतो हे माहीत होतं. पण बिंदूंचा सबंध एक प्रदेशच्या प्रदेश असा असेल का, जो चालत राहील आणि कधीच आपल्या कुठल्या जुन्या जागी येणार नाही, कुठल्या फेऱ्यातही सापडणार नाही? याला भटका प्रदेश म्हणतात. १९७६ साली लंडनच्या बेकर यांनी दाखवलं की अनंत पदं असलेल्या काही फलांना, म्हणजे फंक्शन्सना, असे भटके प्रदेश असतात. १९८५ साली अमेरिकेच्या डेनिस सलिव्हन यांनी सिद्ध केलं की वर्गासारख्या साध्या बहुपदींना, किंवा एका बहुपदीला दुसरीनं भागून येणाऱ्या फलांना, ते कधीच नसतात. तिथं प्रत्येक प्रदेश शेवटी फेऱ्यात येतोच. म्हणजे मोकळ्या रानातही काही नियमांना कापरेकरांच्या वाड्यासारखीच शिस्त आहे, आणि काहींना नाही. सलिव्हन यांना २०२२ साली आबेल पारितोषिक मिळालं.

तर मंडळी, यातून मला काय म्हणायचं आहे?

हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, की छोटीशी गोष्ट सगळं आयुष्य बदलते. फुलपाखराच्या पंखांची उपमा देतात. वरचं गणित समजल्यावर मला हे वाक्य अर्धंच खरं वाटायला लागलं. फातूच्या शांत प्रदेशात छोट्या गोष्टीनं काहीही बदलत नाही. विहिरीच्या उतारावरचा बिंदू इकडे तिकडे ढकला, तो विहिरीतच जाणार. छोट्या गोष्टीला महत्त्व येतं ते सीमेवर. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी हेच पाहिलं. वर्गातल्या बहुतेक पोरांचं मास्तर चांगला असला काय आणि वाईट असला काय, फारसं अडत नाही. घरात पुस्तक आहे, आई विचारणारी आहे, ती पोचतात. पण प्रत्येक वर्गात चार-पाच पोरं सीमेवर उभी असतात. त्यांना त्या दिवशी काय म्हटलं, यावर सात पावलांनंतर पूर्व की पश्चिम हे ठरतं. आणि ती कोण, हे पहिल्या शंभर पावलांत बघणाऱ्याला कळत नाही. ०.२५ आणि ०.२५०१ दिसायला सारखेच असतात.

म्हणून पाचवीत, आठवीत 'हा ढ' असा शिक्का मारण्याला माझा विरोध आहे. दयाबुद्धीनं नव्हे, हिशोबानं. इतक्या लवकर ते कळूच शकत नाही.

दुसरं, आवर्तन शाळेत आलं पाहिजे. परीक्षेला नको, तिथं आलं की त्याचंही गाईड निघेल. महिन्यातून एक तास. पाचवीला ४९५ आणि ६१७४. सातवीला दोन आणि पाच अंकांची चक्रं शोधणं, आणि ते ५४ फरक. नववीला कॅल्क्युलेटर किंवा मोबाईल देऊन ०.२५ आणि ०.२६.

हे ऐकून आमचे एक शिक्षकमित्र म्हणाले, "अहो, वर्गात साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कुठं बसवू?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. शाळेबाहेर बसून सल्ला देणं सोपं असतं हे मलाही कळतं. पण वजाबाकीची तीस उदाहरणं गृहपाठाला देतोच ना? त्याऐवजी चार संख्या द्या आणि थांबेपर्यंत करायला सांगा. तेवढ्याच वजाबाक्या होतात, हातचे तेवढेच घ्यावे लागतात, आणि चूक झाली तर गाडी भलत्याच मार्गाला लागली हे पोराचं पोरालाच कळतं. तपासायचं काम कमी झालं, वाढलं नाही.

दुसरा आक्षेप, याचा उपयोग काय. टोमॅटोचं बघा. भाव चढला की सगळे लावतात, पुढच्या खेपेला भाव पडतो, मग कोणी लावत नाही, मग चढतो. या वर्षीचं उत्तर पुढच्या वर्षीचा प्रश्न होतो, हेच आवर्तन. रॉबर्ट मे नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७६ साली 'नेचर' मध्ये प्राण्यांच्या संख्येवर लेख लिहिला. एक साधा नियम पुन्हा पुन्हा लावला की कधी स्थिर संख्या, कधी दोन आकड्यांत झोका, कधी चार, आणि मग नुसता गोंधळ. त्यांनीही आग्रह धरला होता की हे विद्यार्थ्यांच्या हाती लवकर द्या, यासाठी फार गणित लागत नाही, खिशातला कॅल्क्युलेटर पुरतो. त्या वेळी कोडोलीत तो कोणाच्या खिशात होता? आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. साधन आलं, तास तेवढा आला नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो. 'पुन्हा पुन्हा तेच' म्हणजे घोकंपट्टीच की! नाही. घोकंपट्टीत दर वेळी तोच प्रश्न असतो आणि तेच उत्तर येतं. आवर्तनात कृती तीच, पण प्रश्न दर वेळी नवा, कारण तो मागच्या उत्तरातून आलेला. घोकणाऱ्याला पुढचं माहीत असतं. आवर्तन करणाऱ्याला पुढचं पाऊल टाकूनच कळतं.

मागच्या उन्हाळ्यात शेजारची एक आठवीतली मुलगी आमच्या कट्ट्यावर यायची. गणित म्हटलं की डोळ्यात पाणी. तिला मी दोन अंकांचं काम दिलं, शिकवणी म्हणून नव्हे, वेळ जावा म्हणून. ६३ ला परत आल्यावर म्हणाली, "सर, ह्ये तर परत तिथंच आलं की! माझं चुकलं व्हय?" मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे." ती जरा गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तीन अंकाचं करून बघू?"

तिला गणितात पुढे किती गुण पडतील मला माहीत नाही, आणि तिचं उदाहरण देऊन मला काही सिद्धही करायचं नाही. एवढंच सांगतो की तिनं आपणहून पुढचं गणित मागितलं, आणि तेही रेघा न मारता.

तेव्हा सुट्टीत घरी पोरंबाळं जमली की करून बघा. पुण्या-मुंबईच्या भाच्यांनी आणि परदेशातल्या नातवंडांनीही. जन्मसालापासून निघा, चार अंकी असतंच. किती पावलं लागली ते मला कळवा. आणि एखाद्यानं मध्येच विचारलं की 'पण असं का होतं?', तर त्याला जादू म्हणून गप्प करू नका. ५४ जोड्या आहेत, कागद द्या.

असो.